गटारीनंतरचे तीस तास : नाशिकमधल्या दोन भावांच्या पिण्याचा अभ्यास

गटारीच्या रात्री साडेअकराला थोरल्याने शेवटचा ग्लास खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, श्रावण लागला. गेली सोळा वर्षं तो श्रावण पाळत आला होता. महिनाभर थेंब नाही, अंडंसुद्धा नाही. त्यामुळे घरात कुणाला काळजी वाटली नाही. शुक्रवारी दुपारी चहाचा कप उचलताना बशी खणखणली. संध्याकाळी बनियन घामाने ओलं झालं, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. बायकोला वाटलं, उपास सोसला नाही. शनिवारी पहाटे साडेपाचला मोरीत तोंड धुताना तो कोसळला. आधी हातपाय ताठ, मग झटके, जीभ चावलेली, लुंगी ओली. सगळा प्रकार दीडेक मिनिटाचा. शेजारच्यांनी नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल पुढे केली. धाकट्या भावाने गाडी काढली आणि दवाखाना गाठला.

हे प्रकरण एका माणसाचं नाही. आमच्या व्यसनमुक्तीच्या कामात पुन्हा पुन्हा समोर येणारे धागे घेऊन ते शिकण्यासाठी रचलं आहे. घरातले आकडे त्या रचनेचे आहेत. औषधं, मापं आणि संशोधन यांची माहिती मात्र खरी आहे.

थोरला ४२ वर्षांचा. अंबड एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये सीएनसी सेटर (संगणकावर चालणारं मशीन लावून देणारा), राहायला सिडकोत, मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी नऊ. धाकटा ३७ वर्षांचा, बँकेत नोकरीला, गंगापूर रोडला फ्लॅट. मूळ घर निफाड तालुक्यात, तिथे तीन एकर द्राक्षबाग, ती आता चुलते बघतात. वडील दोघांचे एकच, आणि ते पिणारे. एका आईबापाची दोन पोरं पिण्याच्या बाबतीत इतकी वेगळी का निघाली, हा प्रश्न घरच्यांनीच विचारला. त्यांचं उत्तर तयार होतं: 'धाकटा शहाणा निघाला.' आम्हाला ते पुरेसं वाटत नाही.

झटका का आला

रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोल म्हणून स्वतःला जास्त जागं ठेवायला शिकतो. दारू एकदम काढली की गुंगी जाते, पण तो जागेपणा तसाच चढा राहतो. शेवटच्या ग्लासानंतर सहा ते बारा तासांत हात थरथरतात, घाम येतो. झटके बहुतेक वेळा सहा ते ४८ तासांच्या आत येतात. भ्रम, बडबड आणि तापासह येणारी सगळ्यात धोक्याची अवस्था साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. थोरल्याचा झटका बरोबर तिसाव्या तासाचा.

श्रावण पाळणं त्याच्या आड आलं ते इथे. 'महिनाभर सोडतो, म्हणजे मला व्यसन नाही' हे वाक्य नाशिकच्या प्रत्येक बैठकीत ऐकू येतं. सोळा श्रावण म्हणजे सोळा वेळा एकदम तोडलेली दारू. असे तोड वारंवार झाले की पुढचा तोड आधीपेक्षा जोराचा होऊ शकतो, मेंदू थोडा लवकर पेट घेऊ शकतो. घरच्यांना खोदून विचारल्यावर खुणा सापडल्या. पहिली सात-आठ वर्षं फक्त चिडचिड, नंतर तीन दिवस झोप नाही, नंतर थरथर. आणि २०२०च्या लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद झाली तेव्हा तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर मुंग्यांची रांग दिसत होती. त्या वेळी तापाची गोळी देऊन भागवलं होतं.

दवाखान्यात पहिल्या तासात काय झालं आणि काय झालं नाही, दोन्ही सांगण्यासारखं आहे. रक्तातली साखर आणि सोडियम तपासलं, पहिलाच झटका म्हणून डोक्याचा सीटी काढला. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिनचं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन दिलं. हा क्रम उलटा झाला तर शरीरात उरलंसुरलेलं थायमिन साखर जाळण्यात संपतं आणि डोळ्यांची हालचाल, चाल, स्मृती यांवर कायमचा घाला पडू शकतो. गोळीने भागत नाही, कारण पिणाऱ्याच्या आतड्यातून ते नीट शोषलं जात नाही. झटक्यासाठी लोराझेपाम, चढलेला मेंदू शांत करणारं औषध. त्याच जातीचं क्लोरडायझेपॉक्साइड जास्त वापरलं जातं, पण त्याचा निचरा यकृतावर अवलंबून असतो आणि याचं यकृत सुजलेलं होतं. यकृताच्या रक्ततपासणीत एएसटी ११८, एएलटी ५२, जीजीटी ३१०. एएसटी हे एएलटीच्या दुपटीपेक्षा जास्त, हा दारूचा ओळखीचा ठसा. पाच-सहा दिवसांत डोस उतरवत बंद केला. फिटची कायमची गोळी लावली नाही, आणि तेच बरोबर. दारू तुटल्यामुळे आलेला झटका म्हणजे अपस्मार नव्हे, आणि फेनिटॉइन या फिटच्या गोळीने असा झटका पुन्हा येणं थांबत नाही. तरी चिठ्ठीवर ती गोळी लिहून दिलेले रुग्ण भेटत राहतात.

घरात कुणी रोज पीत असेल आणि सकाळी हात थरथरत असतील, तर सण-उपासाच्या निमित्ताने एकदम सोडायला लावू नये, आधी डॉक्टर गाठावा.

किती, याचं खरं उत्तर

'किती घेता?' 'रोज एक क्वार्टर.' असं विचारलं की असंच उत्तर येतं, आणि त्यात लबाडी असतेच असं नाही. माणूस स्वतःच्या मनातला सरासरी दिवस सांगतो. म्हणून प्रमाण विचारायचं नाही, दिवस विचारायचे. भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवलं आणि गटारीपासून मागे अठ्ठावीस दिवस एकेक चौकोन भरला. त्या दिवशी शिफ्ट कोणती, पगार झाला होता का, कुणाची हळद, कुणाची वरात, बाटली कुणी आणली, किती जणांत, कॉन्ट्री किती निघाली, उरली का, उरलेली कुणी नेली. तारखेला प्रसंग लागला की आठवण बरोबर येते. या कामाला पाऊण तास लागला, आणि बायको शेजारी बसली असती तर निम्मी उत्तरं बदलली असती, म्हणून ती बाहेर थांबली.

चित्र असं निघालं. अठ्ठावीसपैकी पंचवीस दिवस पिण्याचे. एकोणीस दिवस त्याच तिघांबरोबर, पाथर्डी फाट्याकडच्या एकाच ढाब्यामागे. चार दिवस घरी एकटा, दोन दिवस गावी. सेकंड शिफ्टच्या दोन आठवड्यांत एकही दिवस कोरडा नाही. दुपारी कामावर जाण्याआधी नाइन्टी (९० मिली), रात्री सुटल्यावर क्वार्टर (१८० मिली). फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यांत मात्र प्रमाण निम्म्यावर, आणि तीन दिवस कोरडे. गटारी आली ती सेकंड शिफ्टच्या आठवड्यात, रजेच्या दिवशी. म्हणजे यंदा त्याने सगळ्यात उंचावरून उडी मारली होती.

हिशेब साधा आहे. जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोलला एक माप धरते. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असेल तर १८० मिलीमध्ये ७७ मिली अल्कोहोल. त्याचं वजन मिलीला ०.७९ ग्रॅम, म्हणजे ६१ ग्रॅम, सहा मापं. क्वार्टर आणि नाइन्टी मिळून नऊ. आठ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बिअर चार मापांची असते, हे ऐकून 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणारे गप्प होतात. यकृत तासाला साधारण एक माप जाळतं. रात्री साडेबाराला सहा मापं पोटात घातलेल्या माणसाच्या रक्तात पहाटेसुद्धा दारू असते, आणि ती उतरली की दुपारपर्यंत हात थरथरायला लागतात. दुपारची नाइन्टी नशेसाठी नव्हतीच. तिच्याशिवाय त्याला मायक्रोमीटरचं रीडिंग घेता येत नव्हतं.

ऑडिट या पिण्याबद्दलच्या दहा प्रश्नांच्या चाचणीत त्याला चाळीसपैकी २७ गुण. आठ किंवा जास्त म्हणजे धोका, वीस किंवा जास्त म्हणजे तज्ज्ञाकडे पाठवायचं, असा तिचा अर्थ लावतात.

पहिला ग्लास

१९९७ची गोडी छाटणी. थोरला चौदा वर्षांचा. ऑक्टोबरात द्राक्षाची फळछाटणी झाली, पेस्ट लावून झाली की शेवटच्या दिवशी टोळीला मळ्यातच मटण आणि दारू, ही तेव्हाची पद्धत होती. अंधार पडला होता. पातेलं चुलीवर, शिजायला अजून तासभर. दिवसभर कात्री चालवून पोराच्या तळहाताला फोड आले होते. चुलत्यांनी स्टीलच्या ग्लासात तळाशी ओतली, वर दोन बोटं पाणी, आणि म्हणाले, "घे. आता माणसात आलास." तो प्यायला, ओकला, सगळे हसले. मग सगळ्यात आधी त्याला वाढलं.

हा प्रसंग आम्ही सावकाश वाचला, कारण पुढची अठ्ठावीस वर्षं त्यातच आहेत. दारू उपाशीपोटी घ्यायची, जेवण नंतर. घोट घोट नाही, एका दमात. ती कष्टावरचं औषध आहे. बाटली फुटली की संपेपर्यंत उठायचं नाही. आणि ती नाकारणं म्हणजे देणाऱ्याचा हात झिडकारणं. यातलं एकही वाक्य कुणी बोललं नव्हतं. पोर बघून शिकलं, जसं ते कात्री धरायला शिकलं.

कायदा इथे कुठेच नव्हता. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५ आणि बिअरसाठी २१, शिवाय १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याला परवाना लागतो. हे सगळं दुकानाच्या काउंटरला लागू पडतं. मळ्यातल्या स्टीलच्या ग्लासाला काउंटर नसतो.

सतराव्या वर्षी तो आयटीआयसाठी सातपूरला खोलीवर आला. चार पोरं, शनिवारी कॉन्ट्री. खोलीत एकच नियम, जो जास्त पचवतो तो मोठा. याला चढत नव्हती. 'याची कपॅसिटी आहे' असं कौतुक व्हायचं. ते ऐकणाऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं की पिणाऱ्या बापाच्या मुलाला विशीत दारू कमी चढणं ही ताकद नसून इशारा असतो. अमेरिकेत मार्क शुकिट यांनी अशा तरुणांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ज्यांना त्या वयात कमी चढत होती, त्यांच्यात पुढे व्यसन जास्त निघालं. कमी चढते म्हणून माणूस थांबत नाही, एवढं साधं कारण त्यामागे असावं.

पुढे कंपनी आणि सेकंड शिफ्ट. रात्री बाराला सुटलेला माणूस घरी जाऊन लगेच झोपू शकत नाही, अंगात मशीनचा आवाज असतो. क्वार्टरने झोप लवकर लागते. पण तीच दारू उतरताना पहाटेची झोप मोडते, आणि दुसऱ्या दिवशीचा थकवा पुन्हा क्वार्टरकडे नेतो. २०१४च्या मार्चमध्ये गारपिटीने बाग झोपली, कर्ज वाढलं, वडिलांचं पिणं वाढलं. थोरला दर रविवारी गावी जाऊन त्यांच्याबरोबर बसू लागला. 'बसणं' हा शब्दच बघा. आपल्याकडे 'आज बसू या' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

एक विचित्र गोष्ट त्याने स्वतः सांगितली. ढाब्यामागे क्वार्टरवर तो गाडी सरळ चालवायचा, आणि तेवढ्याच क्वार्टरवर त्र्यंबकच्या एका लग्नात आडवा झाला. 'तिथला माल वेगळा होता' हे त्याचं स्पष्टीकरण. शक्यता दुसरी जास्त आहे. नेहमीची जागा, नेहमीची माणसं, नेहमीचा ग्लास दिसला की शरीर दारू यायच्या आधीच तिला तोंड द्यायची तयारी करतं. अनोळखी जागी ती तयारी होत नाही, तेवढीच दारू जास्त चढते. शेपर्ड सीगल या मानसशास्त्रज्ञाने अशा शिकलेल्या सहनशक्तीवर पुष्कळ काम केलं. उलट बाजूने हेच जास्त महत्त्वाचं ठरतं: दारू सोडलेला माणूस त्या ढाब्यावरून नुसता गेला तरी शरीर तयारीला लागतं, आणि ती तयारी त्याला तलफ म्हणून जाणवते.

धाकटा

धाकट्याला अकराव्या वर्षी नाशिकला मावशीकडे शाळेला ठेवलं. छाटणीच्या दिवसांत त्याची सहामाही असायची. मळ्यातल्या त्या जेवणाला तो कधी गेलाच नाही. त्याचा पहिला ग्लास तेविसाव्या वर्षी, २०११ला, बँकेतल्या सहकाऱ्यांबरोबर गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत. नाशिकच्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० साली आली आणि राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१चं. म्हणजे थोरल्याच्या चौदाव्या वर्षी असं टेबल नाशिकला मिळणं कठीण होतं. दिवसाउजेडी, समोर चीज आणि पिझ्झा, बरोबर काम करणाऱ्या बायका, आणि गाडी कोण चालवणार हे आधी ठरलेलं. तिथे ओकला असता तर कुणी हसलं नसतं, सोमवारी ऑफिसात कुजबुज झाली असती.

इथे थांबून 'बघा, वय आणि टेबल' असं म्हणणं सोपं आहे. आकडेही बाजूने आहेत. अमेरिकेतल्या मोठ्या सर्वेक्षणावर ग्रँट आणि डॉसन यांनी १९९७मध्ये दाखवलं की पंधराच्या आत सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांना आयुष्यात कधी तरी दारूचं अवलंबित्व आलं, विशी किंवा त्यानंतर सुरुवात केलेल्यांत सुमारे १० टक्क्यांना. उत्तर गोव्यातल्या पुरुषांचा २०१४मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्याला जास्त जवळचा. १९५६ ते ६०च्या दरम्यान जन्मलेल्यांपैकी १९.५ टक्क्यांनी किशोरवयात पिणं सुरू केलं होतं, १९८१ ते ८५च्या पिढीत हे प्रमाण ७४.३ टक्के. थोरला याच पिढीचा. आणि लवकर सुरुवात केलेल्यांत पुढे अवलंबित्व, घातक पिणं, मानसिक त्रास आणि दुखापती जास्त होत्या.

पण वय हे कारण की नुसती खूण? जुळ्यांचा अभ्यास करणाऱ्या प्रेस्कॉट आणि केंडलर यांचा १९९९चा निष्कर्ष असा की लवकर पिणं आणि व्यसन या दोन्हींच्या मुळाशी एकच घरगुती-आनुवंशिक कल असू शकतो. या घरातही धाकट्यालाच शहरात का पाठवलं? तो अभ्यासात बरा होता म्हणून. थोरला बाराव्या वर्षापासून शाळा चुकवून मळ्यात असायचा. म्हणजे टेबल चिठ्ठी टाकून मिळालेलं नव्हतं. आमचं मत असं की वय एकटं फारसं सांगत नाही. कोणत्या वयात, कुणाच्या हातून, कशासाठी, ही तिन्ही उत्तरं एकत्र हवीत. चौदाव्या वर्षी दारू पचवणाऱ्या शरीरापेक्षा दारूचा अर्थ लावणारं मन जास्त कोवळं असतं.

आणि धाकटाही सुटलेला नाही. लॉकडाऊनमध्ये वायनरीतलं टेबल घरात आलं. सोबतीची माणसं गेली, गाडी चालवायची नाही, सोमवारचं ऑफिस लॅपटॉपवर. शुक्रवारी, शनिवारी एकेक बाटली. बायको एक ग्लास घेते, उरलेली ६०० मिली त्याची. १३ टक्क्यांच्या वाइनच्या ६०० मिलीमध्ये सुमारे ६२ ग्रॅम अल्कोहोल असतं. थोरल्याची क्वार्टर, जवळजवळ तेवढीच. हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. ऑडिटमध्ये १३. गोव्यात नेमक्या अशा लोकांसाठी, १२ ते १९ गुणांच्या, साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी चारपर्यंत बैठका घेतल्या. २०१७च्या निकालानुसार तीन महिन्यांनी ३६ टक्के लोक आठच्या खाली आले, नुसत्या नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत २६ टक्के. त्याला तेवढंच सुचवलं, आणि वाइन मोजून ओतायला स्वयंपाकघरातला मापाचा कप.

टेबल हलवणं

थोरल्याच्या योजनेत औषध हा लहान भाग होता, तरी त्यातच पहिली गडबड झाली. तलफ आवरणाऱ्या औषधांपैकी यकृत सुजलेलं म्हणून नाल्ट्रेक्सोन मागे ठेवलं आणि किडनी चांगली असल्याने अॅकॅम्प्रोसेट दिलं. ३३३ मिलीग्रॅमच्या दोन गोळ्या, दिवसातून तीनदा. तीन आठवड्यांत मधला डोस निम्म्या वेळा चुकला, कारण शिफ्ट बदलली की 'दुपार' बदलते. उपाय असा निघाला की गोळ्या घड्याळाला नाही, डब्याला बांधायच्या. टिफिनच्या वरच्या पुडात लोणच्याच्या जागी दोन गोळ्या.

डायसल्फिराम त्याने नाकारलं, आणि त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी 'न सांगता दारू सोडवा' अशी जाहिरात बघून बायकोने वरणात पूड मिसळली होती. त्या रात्री ढाब्यावर त्याचा चेहरा लालबुंद, छाती धडधडलेली, रक्तदाब उतरलेला. असल्या पुड्यांत डायसल्फिराम असू शकतं. ते दारूचं पचन मधेच अडवतं आणि अॅसिटाल्डिहाइड साचतं. माहीत असलेला माणूस त्या भीतीने पीत नाही. माहीत नसलेला पितो आणि मरूही शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवडेही हा धोका राहतो. थोरला वाचला, पण पुढचे तीन महिने बायकोच्या हातचं जेवला नाही.

खरं काम शिफ्टचं. कालनिर्णयच्या चौकोनांनी सांगितलंच होतं की सेकंड शिफ्ट सुटणं, ते तिघं आणि तो ढाबा ही एकच गोष्ट आहे. तीन महिने फक्त फर्स्ट शिफ्ट द्या, अशी विनंती त्याने केली. मालकाने आधी नाही म्हटलं, मग एका सहकाऱ्याशी बदली करून घ्यायला परवानगी दिली. सेकंड शिफ्टचा भत्ता गेला, घरात त्यावरून दोन दिवस अबोला. साडेतीनला सुटल्यावर पाथर्डी फाटा टाळून लेखानगरकडून यायचं ठरलं, चार किलोमीटर जास्त पडले तरी.

नकार द्यायची वाक्यं आम्ही बसून घोकून घेतली. 'डॉक्टरांनी नाही सांगितलंय' याला 'एकाने काय होतंय' हे उत्तर तयार असतं. 'गोळी चालू आहे, मिसळली की आडवा होईन' हे थोडं चालतं. त्याने स्वतः तिसरं सुचवलं.

"माळ घालतो. माळकऱ्याला कुणी आग्रह करत नाही."

निवृत्तिनाथांच्या त्र्यंबकला पौष वारीला जाणाऱ्या या मुलुखात ते अगदी खरं आहे. तुळशीची माळ दिसली की ग्लास परत जातो, वर कुणी पायाही पडतं. समाजाने नकाराला दिलेली एवढी मानाची जागा दुसरी नाही. आम्ही हो म्हटलं नाही आणि नाहीही नाही. श्रद्धा असेल तर घालावी. पण भीती एक होती: माळ घालून एकदा घसरला तर तो दारू प्यायला एवढंच राहत नाही, त्याने माळ मोडली असं होतं, आणि त्या शरमेत माणूस लपतो आणि पीत राहतो. त्याने विचार करून ते पौषावर ढकललं.

बायकोला दोनच गोष्टी सांगितल्या. बाटली ओतून देऊ नका, आणि तोंडाचा वास घेऊ नका. राखणदार झालेल्या बायकोला चुकवणं हाच मग खेळ होतो. तिला स्वतःला बोलायला कुणी हवं होतं, त्यासाठी टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर दिला. तिथे मराठीत बोलता येतं.

खंडे नवमी

दहाव्या आठवड्यात घसरला. कुठे, तर जिथे कुणी लक्ष ठेवलं नव्हतं तिथे. ढाबा टाळला, शिफ्ट बदलली, आणि खंडे नवमीला मशीनपूजा विसरलो. लेथला झेंडूचा हार, कूलंट टाकीवर हळदकुंकू, प्रसादाचा नारळ, आणि चारनंतर गोदामामागे 'जरा बसणं'. त्याने नाइन्टी घेतली. मग 'आता मोडलंच आहे' म्हणून दसऱ्यापर्यंत दीड दिवस.

पहिल्या नाइन्टीपेक्षा 'आता मोडलंच आहे' हे वाक्य जास्त महाग पडतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः आला. आधीची सत्तरएक दिवसांची कोरडी मुदत हिशेबातून पुसायची नाही, हे त्याला कागदावर दाखवलं. घसरण किती तासांची होती, थांबवलं कुणी, पहिल्या घोटाच्या आधी अर्धा तास काय घडलं, एवढंच विचारलं. उत्तर असं: चारला डबा उघडलाच नव्हता, प्रसादाच्या गडबडीत जेवण राहिलं होतं. गोळ्याही डब्यात, भूकही डब्यात. पुन्हा उपाशीपोट.

पुन्हा गोडी छाटणी

पंधरा दिवसांवर छाटणी होती, आणि या वेळी तेरा वर्षांचा मुलगा चुलते बघतात त्या मळ्यात कात्री धरायला उतावीळ. थोरल्याने जाऊच नये, असं आमच्यातल्या एकाचं मत होतं. तो म्हणाला, मी नाही गेलो तर पोर एकटं त्या पातेल्याशेजारी बसेल.

मग पातेल्याचीच वेळ बदलली. शेवटच्या दिवशीचं मटण रात्रीऐवजी दुपारी एकला. टोळी पेठ-सुरगाण्याकडची. मुकादमाने कुरकुर केली की बाटली नसेल तर पोरं पुढल्या वर्षी दुसऱ्याकडे जातील. थोरल्याने बाटल्यांचे पैसे मजुरीवर रोख देतो म्हटलं आणि ते आधीच दिले. मुकादमाने नोटा मोजल्या आणि विषय संपला. त्यांनी रात्री त्यांच्या पालावर घेतली असेल, तो त्यांचा प्रश्न. चुलते मात्र रुसले. "आपल्या घराची रीत आहे," म्हणाले, आणि तोच जुना स्टीलचा ग्लास घेऊन बांधावर एकटे जाऊन बसले. पोराने त्यांना पाणी नेऊन दिलं.

चारला थोरला मुलाला मागे बसवून नाशिकच्या रस्त्याला लागला. पोराच्या तळहाताला दोन फोड, त्यावर आजीने लावलेली हळद. धाकटा त्यांच्या मागोमाग निघाला, त्याच्या डिकीत वाटेत घेतलेल्या वाइनच्या दोन बाटल्या होत्या. त्या रात्री त्याने एक उघडली, मापाच्या कपाने ओतली, आणि झोपण्याआधी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहिलं: ३०० मिली.